बिनखिडकीची खोली

गेल्या संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता दादा म्हणाला, "पुढच्या महिन्यात आम्ही दोघे बोटीने लक्षद्वीपला जाऊन येतो आहोत." तालुक्याला जाऊन चष्मा दुरुस्त करून आणतो, असे सांगावे त्या सुरात त्याने हे सांगितले. माझ्या तोंडातला तिळगूळ तोंडातच राहिला. तो दिवस गोड बोलण्याचा. परंतु त्यानंतर मी जे बोललो ते मुळीच गोड नव्हते.

दादा माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. वडील गेले त्या वेळी मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून माझ्या शाळेच्या फीपासून माझ्या लग्नातल्या मांडवापर्यंत सर्व काही त्यानेच पाहिले. एस. टी.त तेहतीस वर्षे कंडक्टरची नोकरी करून चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. कंडक्टरलाही लोक 'मास्तर' म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात दोन मास्तर, एक शाळेचा आणि एक गाडीचा. त्याला मिळणारे निवृत्तिवेतन महिन्याच्या दूधपाण्याला पुरते. बाकीची पुंजी म्हणजे फंडाचे पैसे. ते बँकेत मुदतीच्या ठेवीत आहेत, आणि त्यातलीच एक ठेव मोडून हा प्रवास व्हायचा होता.

"सगळ्यांत स्वस्त खोली घेतली आहे, भाऊजी," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "आतल्या अंगाची. तिला खिडकी नाही. खिडकीच्या खोलीचे भाडे आपल्याला झेपणारे नाही."

"म्हणजे समुद्र पाहायला जायचे आणि बिनखिडकीच्या खोलीत राहायचे!" मी म्हणालो, आणि मग मला चेवच चढला. आजारपण काही सांगून येत नाही, उतारवयात गाठीला चार पैसे असावेत, आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला आहे, जलविहार सांगितलेला नाही, जायचेच असेल तर काशीला जा, पैसा सत्कारणी तरी लागेल. असे बरेच काही मी बोललो.

दादाने सारे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "अरे, मी तेहतीस वर्षे तिकिटे फाडली. गाडीत चढलेल्या माणसाला 'कुठे जायचे?' एवढेच विचारायचे. 'कशाला जाता?' असे मी कधी कोणाला विचारले नाही."

मी निरुत्तर झालो. पण निरुत्तर होणे निराळे आणि पटणे निराळे. दुसऱ्याच्या सुखाला 'कशाला?' असे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून बसला.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्याकडे समुद्राच्या प्रवासाला मौजेचा वास कधीच नव्हता. आगबोटीत बसायचे ते पोटासाठी. आमचे आजोबा डेकवर वळकटी पसरून मुंबईला गिरणीत कामाला गेले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर आमच्या आजीच्या लेखी बोट म्हणजे 'रामदास' आणि 'रामदास' म्हणजे बोट. त्याच्याही आधीच्या काळी समुद्र ओलांडणे हाच दोष होता; एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परतलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता पंचगव्य गेले, परंतु नातेवाइकांच्या चौकश्या आहेत, आणि त्या घशाखाली उतरायला पंचगव्यापेक्षा सोप्या असतात असे मला वाटत नाही.

नीट विचार करू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. काशीयात्रेलाही पैसे पडतात. चार धामांना तर याहून अधिक पडतात, आणि उतारवयात त्या चढणी चढणे जिवावरचेही असते. तरीही यात्रेला निघालेल्या म्हाताऱ्याला कोणी 'कशाला?' म्हणून विचारीत नाही. उलट वाकून नमस्कार करतात. कारण यात्रेत कष्ट आहेत आणि पदरी पुण्य आहे. ज्या सुखावर पुण्याचे पांघरूण नाही ते आपल्याला उघडेवाघडे वाटते. त्यातही तरुणांच्या मौजेला आपण हौस म्हणतो आणि म्हाताऱ्यांच्या मौजेला थेर. नवे जोडपे विमानाने कोठेही जावो, आपण कौतुकाने छायाचित्रे पाहतो. छत्तीस वर्षे संसार ओढलेले जोडपे निघाले की आपल्याला एकदम वानप्रस्थ आठवतो.

पण हा झाला सर्वसाधारण विचार. तो लिहायला सोपा असतो, कारण त्यात आपण स्वतः कोठे सापडत नाही. खरी गोष्ट निराळी आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. घर लहान, लिहायला स्वतंत्र जागा नाही. रात्री सगळे निजले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरतो. गेली दोन वर्षे माझ्या मनात होते की, गच्चीवर एक खोली चढवावी. लहानशीच, पण पूर्वेला मोठी खिडकी असलेली. माझ्याजवळचे पैसे पुरते नव्हते. कमी पडतील ते दादाकडून घेऊ, असे मी मनाशी धरून चाललो होतो. त्याला मी तसे विचारले नव्हते. तो 'नाही' म्हणणार नाही, हे मला ठाऊक होते. संक्रांतीच्या दिवशी तिळगुळाबरोबर माझ्या घशात अडकली ती ही खोली. आजारपण, वानप्रस्थ, काशी हे सारे तिच्यावर घातलेले पांघरूण होते. माझी खिडकी त्यांच्या ठेवीतून यायची होती, आणि ते दोघे त्यांच्याच पैशांनी बिनखिडकीच्या खोलीत राहायला चालले होते, याचा मला राग आला होता!

ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात त्याग आणि भोग एकमेकांना लागून बसले आहेत. त्यागाने उपभोग घ्यावा, असा त्याचा भाव सांगतात. त्याच मंत्राच्या शेवटी कोणाच्याही धनाचा लोभ धरू नये, असे बजावले आहे. दादापुढे वानप्रस्थाचे प्रवचन झोडताना मला त्याग बरोबर आठवला. शेवटचे शब्द मात्र सोयीस्करपणे विसरलो. त्याग ही मोठी गोष्ट आहे, पण ती स्वतः करायची असते. दुसऱ्याला त्याग शिकवणाऱ्याने आधी आपला खिसा तपासून पाहावा.

फेब्रुवारीत ती दोघे जाऊन आली. सात-आठ दिवस आमच्या घरात बोटीखेरीज विषय नव्हता. मुंबईहून निघालेली ती बोट म्हणजे पाण्यावरचे गावच होते म्हणे. पहिल्या दिवशी दादाने सवयीने उतारू मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या मजल्यावर नाद सोडला. वहिनींची पंचाईत निराळी. जेवण झाल्यावर त्या आपले ताट उचलून घासायची जागा शोधू लागल्या. वाढपी मुलाने ताट हातातून काढून घेतले तेव्हा त्यांना रडूच आले. "उद्या भाजी कोणती करायची, हा विचार न करता मी लग्नानंतर पहिल्यांदा झोपले," असे त्या म्हणाल्या. मी त्यांच्या हातचे जेवून वाढलो. त्यांना हा विचार रोज रात्री करावा लागत असेल, हे तोपर्यंत माझ्या मनात कधी आले नव्हते.

तो वाढपी मुलगा सावंतवाडीकडचा निघाला. पगारातले बहुतेक पैसे घरी पाठवतो, बहिणीचे लग्न व्हायचे आहे. "त्याच्याकडे बघून मला मीच दिसलो," दादा म्हणाला. दुसऱ्याच्या कष्टांवर आपण चैन करतो आहोत, ही टोचणी त्याला लागली असावी. तो त्या मुलाला रोज विचारी, "मास्तर, तुमचे जेवण झाले का?" तेहतीस वर्षांत गाडीत असे विचारणारे उतारू त्याला मोजकेच भेटले होते, पण ते सगळे त्याच्या लक्षात होते.

लक्षद्वीपजवळ मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि लहान होड्यांतून माणसे बेटावर नेतात. होडी पाहताच वहिनी ओरडल्या, "हे तर आपले पडाव!" वहिनींचे माहेर विजयदुर्गाजवळचे. लहानपणी रात्री दूरवरून जाणाऱ्या आगबोटीचे दिवे त्या अंगणातून पाहत. बोटीत बसून गेले ते वडील आणि भाऊ; ह्या काठावरच राहिल्या. ते दिवे पन्नास वर्षे त्यांच्या मनात तेवत होते, आणि इतक्या वर्षांत आम्हां कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

बेटाच्या आतल्या बाजूचे उथळ पाणी न्हाणीघरातल्यासारखे कोमट. वहिनी पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांदेखत त्यांनी दादाचा हात धरला. हे मला वहिनींनी सांगितले नाही. दादाने सांगितले, आणि सांगताना तो खिडकीबाहेर पाहत होता.

लक्षद्वीपची बेटे छत्तीस. त्यांतल्या दहांवर वस्ती. सगळी मिळून जमीन बत्तीस चौरस किलोमीटर. ही सारी भूमी प्रवाळांनी रचलेली आहे. उबदार, स्वच्छ, सूर्यप्रकाश पोहोचेल अशा पाण्यात हे इवलेसे जीव वाढतात आणि स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. ते मेले की घर उरते आणि त्याच्यावर पुढची पिढी आपले घर बांधते. समुद्रातला ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो आणि त्याच्या कडेने प्रवाळांची भिंत वर वर चढत राहते, अशी या कंकणाकृती बेटांची उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडली. मुलांना हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. 'मागच्या पिढीच्या खांद्यावर पुढची पिढी उभी असते', असे तात्पर्यही काढले आहे.

आता ते तात्पर्य मला अपुरे वाटते. प्रवाळ आपले घर पुढच्यांच्या पायांखाली देतो खरा, पण मेल्यावर. जिवंत आहे तोवर त्याला स्वतःला उबदार पाणी लागते, ऊन लागते. आपण माणसे मात्र आपल्या वडीलधाऱ्यांनी जिवंतपणीच दगड होऊन आपल्या पायांखाली राहावे अशी अपेक्षा करतो, आणि त्याला संस्कृती म्हणतो.

याला दुसरी बाजू नाही असे नाही. कुटुंबात पैसा केवळ ज्याचा त्याचा नसतो. पोर आजारी असताना आजोबा ठेव जपत बसले, तर ते मी योग्य म्हणणार नाही. आणि दादा तसे बसणारही नाही. कुटुंबात एकमेकांसाठी देणे आहेच. परंतु 'दे' असे समोर येऊन मागणे वेगळे, आणि न मागता समोरच्याचे सुखच पाप ठरवणे वेगळे. मागणाऱ्याला लाज तरी वाटते. उपदेश करणारा ताठ मानेने लुबाडतो.

परवा मी धीर करून खोलीची सारी हकीकत दोघांना सांगितली. दादा हसला. "मग त्याच दिवशी सांगायचे की," म्हणाला. "तरी मी गेलोच असतो, पण तू मोकळा झाला असतास." मी म्हणालो, खोलीसाठी साठवलेले थोडे पैसे माझ्याजवळ आहेत. पुढच्या खेपेला त्यांतून खिडकीची खोली घ्या.

वहिनींनी मान हलवली. "खिडकी नव्हती तेच बरे झाले, भाऊजी. असती तर हे काचेशी बसूनच समुद्र बघत राहिले असते. नव्हती म्हणून रोज पहाटे उठून वर जावे लागले. वर सगळा समुद्र होता."

हा लेख मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरच लिहिला आहे.