मुक्या जिवाचे सांत्वन



मयताच्या घरी गेल्यावर आपण काय करतो? घटकाभर बसतो, हात हातात घेतो, ‘देवाची इच्छा’ म्हणतो, गेलेल्या माणसाच्या चार चांगल्या आठवणी काढतो. शब्द तोकडे पडतात हे खरे, पण निदान शब्द असतात. ज्याच्याशी एक शब्दही बोलता येत नाही त्याचे सांत्वन कसे करायचे, असा प्रश्न मध्यंतरी आमच्यापुढे आला. प्रश्न एका घोडीविषयी होता.

आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे लग्नाच्या बग्गीला जुंपायची घोड्यांची जोडी होती. (नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे.) अकरा वर्षे एका तबेल्यात काढल्यावर जोडीतला घोडा पोटशूळाने मेला. रात्रीच त्याला ट्रॅक्टरवर घालून नेले. सकाळपासून घोडीने चंदी सोडली. दाराकडे तोंड करून ती उभी राही आणि रस्त्यावर कसला आवाज झाला की खिंकाळे. त्यातच वाडीचा व्यवहार झालेला. महिनाभरात जागा रिकामी करून घोडीला पालघरकडे नातलगांच्या वाडीत न्यायचे ठरले होते. थोरला मुलगा म्हणाला, “फादर, जनावर आहे. चार दिवसांत विसरेल.” आजी म्हणाली, “तिला असे एकटीला टेम्पोत घालून पाठवणे पाप आहे.” दोघांनी आमच्याकडे निवाडा मागितला.

मुलाचे म्हणणे नवे नाही. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने जनावरांना घड्याळासारखी यंत्रे मानले. यंत्राचे एक चाक काढले म्हणून दुसऱ्याला दुःख होत नाही, हे त्यातून ओघानेच आले. आमची ख्रिस्ती परंपरा मात्र त्याआधीच वेगळे सांगत होती. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस प्राण्यांना बुद्धी नाही असे म्हणतात, पण संवेदना, स्मृती, भीती आणि दुःख त्यांना आहे असे मानतात. त्यांनी ज्यांचे ग्रंथ वाचले होते ते बाराव्या शतकातील यहुदी विचारवंत मायमोनिडीस तर आणखी पुढे गेले. गाय आणि तिचे वासरू एकाच दिवशी मारू नये, असा नियम लेवीय पुस्तकात आहे. तो का? मायमोनिडीस म्हणतात, पिलासाठी आईचा जीव तुटतो तो विचार करून तुटत नाही, म्हणून त्या वेदनेत माणूस आणि जनावर असा फरक नसतो. विचार न करता होणारे दुःख हे दुःखच असते, हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. घरात मृत्यू झाला की आपणही आधी विचार करत नाही.

घोड्यांच्या बाबतीत तर डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे. घोडा कळपाचा प्राणी आहे. जोडीतले घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे, दातांनी खाजवतात. त्याच जागी हाताने खाजवले तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ साली फ्रान्समधील एका अभ्यासात मोजले गेले. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते. आडवा तो निर्धास्तपणे तेव्हा होतो, जेव्हा त्याला सुरक्षित वाटते, आणि सोबतीत बहुधा कोणीतरी जागा असतो. म्हणजे आपल्या घोडीने सोबती गमावला तेव्हा खाजवणारा गेला आणि रात्रीचा पहारेकरीही गेला. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही आणि त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. अन्न सोडलेल्या घोड्याचे दुःख बघता बघता आजार होते. पूर्ण दिवस खाणे बंद असेल तर पशुवैद्याला बोलवावे, थांबू नये.

काही जण म्हणतील, तिला मृत्यू कळत नाही, म्हणून तिचे दुःख हलके. हे अर्धेच खरे आहे. विधवेसारखी ती पुढच्या वीस वर्षांची चिंता करत नाही, हे मान्य. पण ‘हे दिवस जातील’ असेही तिला कोणी सांगू शकत नाही. लहान मुलाला आपण वसतिगृहात सोडतो तेव्हा सांगतो, ‘नाताळला घरी न्यायला येईन.’ त्या एका वाक्यावर मूल तीन महिने काढते. घोडीला असे वाक्य देता येत नाही. टेम्पोचे फळकूट वर गेले की तिच्या दृष्टीने आधी सोबती गेला, आता घरही गेले, आणि यामागे कारण काहीच नाही. ज्याला कारण सांगता येत नाही, त्याच्याबद्दलचे आपले कर्तव्य त्यामुळे कमी होते की वाढते? आमच्या मते वाढते. शब्दांनी भरून निघणारा भाग इथे हातांनी भरावा लागतो.

हे हातांनी कसे करायचे, ते घोडे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. साथीचा रोग नसेल तर मेलेला सोबती उरलेल्याला हुंगू द्यावा. असे घोडे पुष्कळदा हुंगून, खुराने टोकरून बाजूला होतात. ज्यांना पाहू दिले नाही, ते अधिक दिवस शोधतात असा अनेकांचा अनुभव आहे. इथे ती वेळ निघून गेली होती. मग दोन धक्के एकदम देऊ नयेत, म्हणून आम्ही कुटुंबाला पंधरा दिवस मुदत मागून घ्यायला सांगितले. खरेदीदाराने ती दिलीही. नेताना जुने गवत, जुनी बादली, न धुतलेली झूल बरोबर न्यावी. चारा एकदम बदलू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. नवे पाणी घोडा कधी कधी तोंडात घेत नाही, म्हणून पहिल्या दिवसांसाठी दोन कॅन घरचे पाणी न्यावे. खरारा करणारा हात मात्र तोच असावा. थोरला मुलगा, जो चार दिवसांची भाषा करत होता, तोच पहिला आठवडा पालघरला राहायला तयार झाला. आम्ही त्याला काही बोललो नाही.

आता पापाचे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की, प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. लगेच पुढे तो असेही बजावतो की, माणसांच्या गरजेचा पैसा प्राण्यांवर उधळू नये. आम्ही आजीला म्हणालो, घोडीला नेणे पाप नव्हे, घर उठले की सगळ्यांनाच जावे लागते. टाळता येणारे दुःख आळसापोटी न टाळणे, हे मात्र कबुलीजबाबात सांगण्याजोगे आहे. आणि वर सांगितलेल्या उपायांना खर्च किती? बादली, पाणी आणि आठ दिवस. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, तेव्हा चालकांच्या पोटाचा प्रश्न निघाला, तो निघायलाच हवा होता. कोणता घोडा कोणाच्या शेजारी उभा राहत आला, हा प्रश्नही त्याच्या आड येत नाही. संत थॉमस म्हणत, जनावराशी दयेने वागावे म्हणजे माणसाशीही दयेने वागण्याची सवय लागते. खरे आहे, पण आम्हाला ते अपुरे वाटते. अकरा वर्षे तुमच्या मुलींच्या वराती ओढणारी घोडी ही सवय लावण्याची पाटी नव्हे.

राहिला सोबतीचा प्रश्न. इंग्लंडमधील संशोधकांनी २००२ साली तबेल्यात आरसा लावून पाहिला, तेव्हा एकट्या घोड्यांचे अस्वस्थपणे डुलणे बरेच कमी झाले. ही फसवणूक का, असे धाकट्या मुलीने विचारले. प्रश्न चांगला आहे. ज्याला खरे-खोटे ठरवता येते त्याच्याशीच खोटे बोलता येते, म्हणून नीतिशास्त्राच्या दृष्टीने ते असत्य नव्हे. तरी आरसा खाजवत नाही आणि रात्री पहारा देत नाही. दुसरा घोडा घेण्याची ऐपत नसेल तर बकरी किंवा गाढवही चालते. पहिले काही दिवस मध्ये कुंपण ठेवून त्यांची ओळख करून द्यावी. पालघरच्या वाडीत एक बकरी आहे असे कळले. फक्त तोबरा उंच बांधा, असे आम्ही सांगून ठेवले आहे. घोड्याची चंदी भरपेट खाल्ली तर बकरीचे पोट फुगते.