मुद्दाम सोडलेला टाका

गेल्या हिवाळ्यात एका जुम्याच्या बयानात मी नम्रतेविषयी बोलत होतो. विषय मनावर ठसावा म्हणून मी एक कथा सांगितली. इराणचे गालिचे विणणारे मुस्लिम कारागीर आपल्या कामात जाणूनबुजून एक चूक ठेवतात. कारण परिपूर्णता केवळ अल्लाहची आहे आणि माणसाने तिच्यावर हक्क सांगू नये, अशी ती कथा. मी ती कोठेतरी ऐकली होती आणि मला आवडली होती. श्रोत्यांनाही ती आवडली. नमाजनंतर दोघा-तिघांनी मुसाफा करताना तसे सांगितलेही.

त्या कथेचा हिशेब मला महिनाभराने द्यावा लागला.

धुळ्यातील आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर खाला गोधड्या शिवतात. त्यांचे पती यंत्रमागावर काम करीत. त्यांच्या इंतकालानंतर सुई हाच खालांचा आधार झाला. जुन्या साड्या आणि शिंप्याकडच्या चिंध्या यांतून त्या नक्षी उभी करतात: मध्यभागी आठ टोकांचा तारा, चारही बाजूंना मेहराबींची किनार आणि कडेपासून आत येत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या रांगा. ही नक्षी त्या आपल्या आईकडून शिकल्या. इराणमधील काशानच्या जुन्या रंगीत फरश्यांवर असेच आठ टोकांचे तारे आहेत, हे त्यांच्या गावीही नाही.

एके दिवशी असरनंतर त्या नातीला घेऊन आमच्या घरी आल्या आणि त्यांनी एक गोधडी उलगडली. ताऱ्याची सात टोके निळी होती, आठवे पिवळे. सोबत एक छापील चिठ्ठी होती. ईश्वरापुढील नम्रतेपोटी या मुस्लिम कारागीर स्त्रीने आपल्या कामात एक चूक राखली आहे, असा तिचा आशय. त्यांच्या गोधड्या मोठ्या शहरांत विकणाऱ्या जळगावच्या एका व्यापाऱ्याने ती छापून घेतली होती. अशा गोधडीला जास्त भाव मिळेल, असे त्याने सांगितले होते. खाला आधी कचरल्या. पण मशिदीच्या भोंग्यावरून माझे बयान त्यांनी घरात ऐकले होते. मौलानाच सांगतात, तर खरे असणार, असे त्यांना वाटले.

“आठवं टोक निळंच होतं, मौलाना,” त्या म्हणाल्या. “मी ते उसवून पिवळं लावलं. पण लावताना तोंडातून बिस्मिल्लाह निघेना. हे काम सवाबाचं की गुनाहचं, तेवढं सांगा.”

मी त्यांच्याकडे काही दिवसांची मुदत मागितली आणि प्रथम स्वतःच्या कथेचाच शोध घेतला.

या कथेच्या पुष्ट्यर्थ ज्या गालिच्याचे नाव घेतले जाते, तो अर्दबीलचा गालिचा आज लंडनच्या संग्रहालयात आहे. सुमारे साडेदहा मीटर लांब आणि सव्वापाच मीटर रुंद असलेला हा गालिचा हिजरी ९४६ साली, म्हणजे इ.स. १५३९-४० मध्ये पूर्ण झाला. त्याच्या मध्यभागी विणलेल्या दोन कंदिलांपैकी एक मोठा आहे, एक लहान. कोणी म्हणतात, ही मुद्दाम ठेवलेली चूक. कोणी म्हणतात, पाहणाऱ्याच्या जागेचा विचार करून हा फरक केला आहे. ज्याच्या नावाने गालिचा ओळखला जातो, त्या मकसूद काशानीने मात्र याविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. त्याने गालिच्यावर आपले नाव आणि साल विणले आहे, आणि स्वतःला उंबरठ्याचा सेवक म्हटले आहे. त्याची नम्रता त्या एका शब्दात आहे. कोट्यवधी गाठींच्या कामात त्याने कसूर केल्याची कबुली कोठेही नाही. पुढे असेही आढळले की, अमेरिकेतील आमिश ख्रिस्ती स्त्रियांच्या गोधड्यांविषयीही नेमकी हीच कथा सांगितली जाते. पवित्र कुरआनात किंवा हदीसमध्ये मात्र अशा चुकीची शिकवण मला कोठेही सापडली नाही.

उलट जे सापडले, ते असे. ह. दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि त्यांना चिलखते बनवण्याची आज्ञा दिली, त्या आज्ञेतच कड्या नीट मापून जोडण्याची सूचना आहे (३४:१०-११). प्रेषिताला दिलेल्या आज्ञेत कारागिरीच्या मापाचा उल्लेख यावा, यावर आपण थांबून विचार करायला हवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, अल्लाहने प्रत्येक गोष्टीत इहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, बंधनकारक केले आहे, जनावर जिबह करतानाही सुरी धारदार असावी (मुस्लिम). ह. आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका कथनानुसार, माणूस एखादे काम करतो तेव्हा ते त्याने पक्के करावे, हे अल्लाहला आवडते (बैहकी).

मग परिपूर्णता केवळ अल्लाहची, या सत्याचे काय? ते सत्य अबाधित आहे. कुरआन माणसाला आकाशाकडे पाहायला सांगतो आणि विचारतो की, यात कोठे भेग दिसते का? पुन्हा पाहा, पुन्हा पाहा. तुमची नजरच थकून परत येईल (६७:३-४). आता हीच कसोटी माणसाच्या हातच्या कामाला लावून पाहा. कितीही कसबी हाताची गोधडी असो, दुसऱ्यांदा नजर फिरवली की कोठेतरी टाका लांब सापडतो, कोठेतरी कोपरा ओढलेला दिसतो. दोष आपल्या कामात न बोलावता येतो. जो म्हणतो की मी एक चूक मुद्दाम ठेवली, तो नकळत असेही म्हणत असतो की, ती ठेवली नसती तर माझे काम निर्दोष झाले असते. नम्रतेच्या नावाखाली केलेला हा दावा किती मोठा आहे!

दुसरा प्रश्न ग्राहकाच्या हक्काचा. प्रेषित (स.) एकदा बाजारातील धान्याच्या राशीत हात घालतात आणि आतला ओलावा बोटांना लागतो. विक्रेता पावसाचे कारण सांगतो. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे ते विचारतात. आणि जो फसवतो तो आमच्यापैकी नाही, असे बजावतात (मुस्लिम). त्या माणसाने दोष झाकला होता. येथे दोष झाकलेला नव्हता, तो वरच मांडला होता. पण चिठ्ठीतील मजकूर खरा नव्हता. खालांच्या मनात नसलेली भक्ती त्यांच्या नावावर लिहिली गेली होती आणि ग्राहक तिचेच जादा पैसे मोजणार होता. घेणारा आणि देणारा खरे बोलले व दोष उघड केला, तरच त्यांच्या व्यवहारात बरकत असते (बुखारी, मुस्लिम).

येथे कोणी म्हणेल, कर्मे निय्यतवर अवलंबून असतात. एखाद्याने खरोखर विनयाने टाका सोडला तर? त्याच्या अंतःकरणाचा निवाडा करणारा मी कोण? पण तो टाका त्याच्या आणि अल्लाहच्या मधला राहावा. चिठ्ठीवर छापला की तो दिखाव्याच्या सीमेवर येतो, आणि दिखाव्याला तर प्रेषितांनी (स.) लहान शिर्क म्हटले आहे (मुसनद अहमद).

आपल्या खानदेशाला ही कला नवी नाही. फारुकी सुलतानांनी १३८२ पासून १६०१ पर्यंत या मुलखावर राज्य केले. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. त्यांतील एका अष्टकोनी इमारतीवरचे कोरीव काम आजही पाहण्यासारखे आहे. त्यांनी वसवलेल्या बुऱ्हाणपूरच्या सुती कापडाविषयी सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो की, ते इराण, तुर्कस्तान आणि अरबस्तानापर्यंत जाई; फुलांनी रंगवलेल्या कापडाच्या ओढण्या होत आणि पलंगपोसही. इराणी वेलबुट्टी इकडे आली आणि इकडचे कापड इराणला गेले. ज्यांनी ते विणले, रंगवले, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या नम्रतेची कोणतीही चिठ्ठी कापडाला जोडलेली नव्हती. कापड टिकले पाहिजे आणि रंग उतरता कामा नये, एवढीच त्यांची जबाबदारी होती.

आणि ठिगळाची लाज तर आपल्याला कधीच नव्हती. प्रेषित (स.) आपले कपडे स्वतः शिवत, असे ह. आयेशा (रजि.) सांगतात (मुसनद अहमद). ह. उमर (रजि.) खलीफा असताना त्यांच्या खांद्यांमध्ये एकावर एक लावलेली तीन ठिगळे ह. अनस (रजि.) यांनी पाहिली (मुवत्ता). ती ठिगळे गरजेची होती. कोणाला दाखवण्यासाठी कापड फाडून ती लावलेली नव्हती.

आठ दिवसांनी मी पत्नीसह खालांच्या घरी गेलो आणि जे समजले ते सांगितले. चूक प्रथम माझी होती, हेही सांगितले. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, ही हदीस (मुस्लिम) मदरशात मी पाठ केली होती. मिंबरवर चढताना ती विसरलो. पुढच्या जुम्याला मी सर्वांसमोर ती कथा मागे घेतली. कथा सांगताना जितके सोपे वाटले होते, तितके हे सोपे नव्हते.

खालांनी तेथेच पिवळे टोक उसवायला घेतले. पक्के कातलेले सूत स्वतःच तोडून टाकणाऱ्या स्त्रीची उपमा कुरआनने शपथा मोडणाऱ्यांना दिली आहे (१६:९२). पण चुकीच्या जागी घातलेला टाका उसवणे ही इस्लाह आहे. तौबाही अशीच असते. निळा तुकडा पुन्हा बसला. चिठ्ठी गेली, आणि व्यापाऱ्याने नेहमीचाच भाव दिला. जादा पैसे बुडाले. त्या घरात ते पैसे थोडे नव्हते, हे मला ठाऊक आहे.

निघताना खालांनी गोधडीची एक कड माझ्यासमोर धरली. तेथे धावदोऱ्याची रांग मधेच किंचित वाकडी झाली होती.

“हे मी रात्री शिवलं,” त्या म्हणाल्या. “आता नजर साथ देत नाही. घेणाऱ्याला हे सांगायला हवं ना?”

मी म्हणालो, “हो, सांगा.”

अल्लाह आपल्या हातांना इहसान देवो, आपल्या जिभेला सत्य देवो, आणि जे दोष राहून जातात ते माफ करो. आमीन.