अंगठ्याच्या वरच्या ओळी

मुरुडचा शेतकरी वाटणीच्या किंवा फेरफाराच्या कामाला लातूरला जातो, तेव्हा वकिलाआधी त्याची गाठ पडते ती मुनशीशी, म्हणजे वकिलाच्या कारकुनाशी, नाहीतर तहसिलीसमोर टेबल टाकून बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याशी. गाऱ्हाणं एकाचं, शब्द दुसऱ्याचे आणि खाली अंगठा पुन्हा पहिल्याचा. मग त्या शब्दांचं पाप-पुण्य कुणाच्या खाती? ‘आम्ही निमित्तमात्र, सांगितलं ते लिहिलं’ हे उत्तर गीतेच्या आधाराचं म्हणून भारदस्त वाटतं. पण ज्या अर्जुनाला तो उपदेश झाला त्याने आधी प्रश्नांवर प्रश्न विचारले होते, आणि शेवटी काय करायचं ते त्याच्यावरच सोडलं गेलं. निमित्त होणं म्हणजे मुका हात होणं नव्हे.

या भागाला जवळचा दाखला कल्याणचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. बसवण्णा बाराव्या शतकात तिथे बिज्जळ राजाचा खजिना सांभाळत. त्यांच्या कायक-विचारात काम हीच पूजा. तेव्हा कामातली लबाडी म्हणजे पूजेतली खोट. सांडलेले तांदूळ वेचून जगणारा आयदक्की मारय्या एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तर त्याच्या बायकोने, लक्कम्माने, ते परत करायला लावले, अशी कथा आहे. तिचं माप मुनशीला लावून पाहा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. पोटगीसाठी आलेल्या बाईला हे न सांगता पैसे घेणारा एक शब्दही खोटा बोललेला नसतो. तरी ते तांदूळ जास्तीचेच.

यावर आक्षेप येईल की सल्ला देणं सनदधारक वकिलाचं काम, मुनशीने तोंड उघडावं कशाला? अर्धा आक्षेप खरा आहे. दाव्याचा सल्ला त्याने देऊच नये. पण लिहिलेलं वाचून दाखवायला, ‘हे मला कळत नाही, वकीलसाहेबांना विचारा’ म्हणायला सनद लागत नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, म्हणून मराठी कुळाला आपलाच कागद परका होता. आता कागद मराठीत आहे. न वाचता अंगठा उठवला तर तो तितकाच परका.

राहिलं गुपित. वकिलाच्या कारकुनावर ते पाळण्याचं बंधन 1872 च्या पुरावा कायद्याने कलम 127 मध्ये घातलं होतं. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 132 मध्ये आहे. कुणा वकिलाकडे नोकरीला नसलेला, टेबल टाकून बसणारा अर्ज लिहिणारा मात्र त्या कलमात येत नाही. भावकीची जी भानगड त्याच्या कानावर घातली जाते, ती केवळ त्याच्या कायकाच्या भरवशावर.