क्रमवारीत न बसणारे मोल

कामठा हे गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. तेथे माझा काही काळ मुक्काम होता. पहाटेची प्रार्थना आटोपून मी सडकेने थोडे चालून येत असे, तेव्हा अंधारातच धावत्या पावलांचा आवाज कानी पडे. पाच-सहा तरुण आणि दोन-तीन मुली पोलीस भरतीचा सराव करीत असत. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सोळाशे मीटर घड्याळ लावून पळायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्यांच्यातील एकाचे नाव गुणवत्ता यादीतून दुसऱ्यांदा हुकले, तेही दोन गुणांनी. सायंकाळी तो माझ्याकडे आला. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, ‘‘फादर, यादीत नाव नाही. मग ही चार वर्षे मी काय केले?’’ मी लगबगीने उत्तर दिले, ‘‘देवाच्या मनात तुझ्यासाठी काही वेगळे असेल.’’ त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. त्या मान हलवण्यात आदर होता, समाधान नव्हते. माझे उत्तर खोटे होते असे नाही. परंतु ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तो मला पुढच्या दिवसांविषयी विचारत नव्हता. मागे गेलेल्या चार वर्षांचा हिशेब तो मागत होता.

ज्या परिश्रमांना अपेक्षित फळ आले नाही ते परिश्रम वाया गेले, असे म्हणावे काय? हा तो प्रश्न. फळाची आशा न धरता कर्म करावे, ही शिकवण आपल्या मातीत खोलवर मुरलेली आहे. पण धावणाऱ्याला फळाची आशा सोडून धावता येत नाही, ही अडचण आहे. शर्यतीला शेवटची रेषा असते आणि तिच्याकडे डोळे लावूनच धावावे लागते. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना धावपटूचा दाखला दिला आहे, तो बक्षिसासाठी धावणाऱ्याचाच आहे. तेव्हा ‘फळाचा विचारच करू नकोस’ हे उत्तर त्या तरुणाला देणे मला अप्रामाणिक वाटले.

या प्रश्नाचा विचार करताना मला एका खेळाडूच्या वाटचालीचा आधार झाला. आपले वाचक सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेसाठी हरेगावला जातात, ते बहुधा श्रीरामपूरवरूनच. त्या श्रीरामपुरात १९९६ साली ऋतुजा भोसले जन्मली. वडील पोलीस खात्यात. टेनिस हा खेळ आपल्याकडे सामान्यांचा नव्हे. परंतु या मुलीने रॅकेट हाती धरली आणि सोडली नाही. पुढे ती अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, तेथील संघातून खेळली आणि परतल्यावर व्यावसायिक स्पर्धांच्या वाटेला लागली. २०२० साली दुबईत भारतीय महिला संघ प्रथमच फेड कपच्या जागतिक प्ले-ऑफ फेरीसाठी पात्र ठरला, त्या संघात सानिया मिर्झा आणि अंकिता रैना यांच्याबरोबर तीही होती.

ही वाट बाहेरून दिसते तशी झगमगीत नाही. दूरदर्शन संचावर आपण विंबल्डनचे हिरवे गवत पाहतो. पण बहुसंख्य व्यावसायिक खेळाडूंचे आयुष्य लहान शहरांतील लहान स्पर्धांत जाते. सर्वांत खालच्या पायरीवरील स्पर्धेत सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायची रक्कम पंधरा हजार डॉलर असते. प्रवास, मुक्काम आणि प्रशिक्षक यांचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती विमानाच्या तिकिटापुरतेही पैसे पडत नाहीत. त्यातच जागतिक क्रमवारीचा नियम मोठा कठोर आहे. गुण मोजले जातात ते गेल्या बावन्न आठवड्यांचे. मागील वर्षी या आठवड्यात मिळवलेले गुण यंदा त्याच आठवड्यात गळून पडतात. म्हणजे येथे पुण्याचा संचय नाही. जे मिळवले ते दरवर्षी पुन्हा मिळवायचे. अशा या क्रमवारीत ऋतुजा एकेरीत पहिल्या दोनशेतही पोहोचली नाही. यादी हाच निकष मानला, तर तिलाही तोच प्रश्न विचारता येईल : एवढी वर्षे काय केले?

येथे कोणी म्हणेल, यादीच वाईट आहे, तिची तमा कशाला बाळगावी? मला हे पटत नाही. यादीचे स्वतःचे असे एक न्यायाचे स्थान आहे. भरतीच्या मैदानावर घड्याळ आणि गुणपत्रक नसेल, तर तेथे वशिला येईल, पाकीट येईल. आणि मग कामठ्यासारख्या गावातील शेतमजुराच्या मुलाला कोण विचारणार? ज्याला कोणाची ओळख नाही, त्याची ओळख यादीच करून देते. तेव्हा दोष यादीत नाही. आपण तिला जो प्रश्न विचारतो त्यात आहे. ‘या जागेसाठी आज कोण?’ हा प्रश्न यादीला विचारावा, ती नेकीने उत्तर देईल. ‘मी कोण? माझे मोल काय?’ हा प्रश्न तिला विचारणे म्हणजे तराजूला कापडाची लांबी विचारण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट यादीला मोजता येत नाही : कोणी कोठून धावायला सुरुवात केली. बोस्नियाचा टेनिसपटू दामिर झुमहूर मे १९९२ मध्ये साराएव्होत जन्मला, तेव्हा त्या शहराला वेढा पडून जेमतेम दीड महिना झाला होता. तो वेढा १९९६ पर्यंत चालला. तेथील झेत्रा हे सभागृह १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी उभारलेले. युद्धात ते तोफांनी उद्ध्वस्त झाले, त्याच्या तळघरात मृतदेह ठेवले गेले आणि बैठकांच्या लाकडातून शवपेट्या तयार झाल्या. युद्ध संपल्यावर त्याच झेत्रात वडिलांच्या हाताखाली हा मुलगा टेनिस शिकला. २०१८ साली तो जगात तेविसावा होता. पुढे तो शंभराच्या बाहेर घसरला, वर्षानुवर्षे लहान स्पर्धांतून खेळत राहिला आणि २०२४ मध्ये पुन्हा पहिल्या शंभरात आला. तेवीस हा आकडा खरा आहे. पण झेत्रापासून तेविसापर्यंतचे अंतर त्या आकड्यात कोठेही लिहिलेले नाही.

अर्थात या विचाराचा अतिरेकही करता येतो. सारे काही जन्माच्या योगायोगावर, असे एकदा मानले की प्रयत्नाला अर्थ उरत नाही आणि आळसाला तत्त्वज्ञान मिळते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील रुपयांचा दाखला या ठिकाणी आपल्याला सावरतो. धनी एकाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक देतो. म्हणजे विषमता तेथे आरंभापासूनच आहे. परंतु पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा यांना धनी सारख्याच शब्दांत शाबासकी देतो. दहा आणि चार हे आकडे क्रमवारीत वर-खाली लागतील. शाबासकीत मात्र फरक नाही. ज्याने आपला रुपया जमिनीत पुरला त्याचीच कानउघाडणी होते. त्याचा अपराध कमी मिळवल्याचा नव्हता, भयाने काहीच न केल्याचा होता.

आता सर्वांत कठीण आक्षेप. ‘फादर, तुमचे हे बोलणे गोड आहे, पण त्या पोराला नोकरी हवी आहे, दाखला नको. जागा थोड्या आणि धावणारे हजारो, अशी व्यवस्था निर्माण करायची आणि हरलेल्यांना अंतरीच्या मोलाचे प्रवचन द्यायचे, ही फसवणूक नव्हे काय?’ हा आक्षेप मी खाली टाकू शकत नाही. सांत्वन जेव्हा अन्यायावरचे पांघरूण होते, तेव्हा ते पाप होते. कामठ्याच्या तरुणाला उपजीविकेचा एकच दरवाजा दिसावा, ही गोष्ट केवळ त्याच्या मनाची नाही. ती आपणा सर्वांची लाज आहे. तिच्याविषयी शासनाला, समाजाला आणि ख्रिस्तसभेलाही जाब विचारलाच पाहिजे. परंतु उद्या जागा दुप्पट झाल्या तरी शेवटच्या नावाखाली रेघ ओढलीच जाईल आणि त्या रेघेखाली कोणीतरी उभा असेल. त्याचा प्रश्न तेव्हाही उरेल. म्हणून न्यायाची मागणी आणि मोलाचा विचार ही दोन्ही कामे करावी लागतील. एकाच्या नावाखाली दुसरे टाळता येणार नाही.

मग त्या चार वर्षांचे काय? अ‍ॅलस्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात एक उपयुक्त भेद केला आहे. कोणत्याही साधनेत दोन प्रकारची फळे असतात. काही बाहेरची : पैसा, पद, प्रसिद्धी. ती एकाला मिळाली की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतात. काही आतली : त्या साधनेवाचून अन्य मार्गाने न मिळणारे कौशल्य, दृष्टी, शिस्त. ती कोणाकडून हिरावून घ्यावी लागत नाहीत. खाऊच्या लालचीने बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला खाऊसाठी लबाडी करावीशी वाटेल. डावाचीच गोडी लागली की लबाडी केल्याने आपणच हरतो, हे त्याला कळते. मी यात एवढीच भर घालीन की आतले फळही आपोआप येत नाही. धावण्याने मत्सर वाढतो, गर्वही वाढतो; उत्तेजक औषधाची सुई टोचून घेणारेही धावतच असतात. म्हणून साधनेची परीक्षा ही की तिने माणसाला दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याजोगे केले काय.

३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत मिश्र दुहेरीची अंतिम लढत झाली. त्रेचाळीस वर्षांचा रोहन बोपण्णा आणि सत्तावीस वर्षांची ऋतुजा चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध उभे होते. पहिला सेट २-६ असा गेला. दुहेरीत प्रतिस्पर्धी चेंडू बहुधा जोडीतील कमी नावाजलेल्या खेळाडूकडे धाडतात. तेथे एकट्याचे श्रेष्ठत्व कामास येत नाही. आपल्या बाजूने जोडीदार उघडा पडणार नाही, ही जबाबदारी पेलावी लागते. दुसरा सेट त्यांनी ६-३ असा जिंकला, निर्णायक टायब्रेक १०-४ असा घेतला आणि सुवर्णपदक मिळवले.

येथे थांबलो असतो तर निबंधाला गोड शेवट मिळाला असता. पण मग मीही त्या तरुणाला पुन्हा यादीच दाखवली असती : बघ, शेवटी फळ मिळतेच! तसे ते सर्वांना मिळत नाही. समजा, तो टायब्रेक उलटा गेला असता. काही चेंडू जाळीत अडकले असते, काही रेषेबाहेर पडले असते. त्या आधीची सारी वर्षे तीच राहिली असती : तीच पहाट, तोच सराव, परक्या गावातील तेच एकाकी पराभव आणि त्यांनंतर पुन्हा उभे राहणे. पदकाने त्या वर्षांना मोल दिले नाही. आपले डोळे तिकडे वळवले एवढेच. जी वर्षे जिंकल्यावर मोलाची ठरतात, ती हरल्यावर कवडीमोल कशी ठरतील?

काही दिवसांनी तो तरुण मला पुन्हा सडकेवर दिसला. तो धावत नव्हता. हातात मोबाइल धरून दोन मुलींची वेळ लावीत होता आणि शेवटच्या वळणावर वेग का कमी करू नये हे समजावून सांगत होता. वयाची अट उलटण्यापूर्वी त्याला आणखी एक संधी होती. ‘‘फॉर्म भरणार काय?’’ मी विचारले. ‘‘भरणार,’’ तो म्हणाला. या खेपेस मी त्याला देवाच्या मनातले काही सांगितले नाही. पहिल्या वेळी घाईने बोललो, त्याबद्दल क्षमा मागितली आणि म्हणालो, ‘‘तुझी चार वर्षे या पोरींच्या पायांत धावताना दिसताहेत.’’ तो संकोचून हसला आणि पुन्हा घड्याळाकडे पाहू लागला, कारण मुली वळणावर आल्या होत्या.