परमुलखी लावलेला मळा
(वचनपाठ : यिर्मया 29:4–7)



यिर्मया संदेष्ट्याने बाबेलास जे पत्र धाडिले, ते घरादारास मुकलेल्या लोकांस होते. दोन वर्षांत सर्व माघारी येतील, असे हनन्या यरुशलेमेत सांगत होता, आणि ते ऐकावयास गोड होते. देवाचा निरोप निराळा. सुटका होईल, पण 70 वर्षांनी. तोवर त्यांनी परमुलखीच मळे लावावे व त्यांचे उत्पन्न खावे. सुटकेच्या आधी मळा, हा क्रम आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो.

आमच्या बीड जिल्ह्यास बाबेल दूर नाही. दसरा-दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. पाचसहा महिने कोपी हेच त्यांचे घर. त्यांस कोणी निर्वासित म्हणत नाही, कारण शत्रूने त्यांस हाकलले नाही. कोरड्या जमिनीने व कर्जाने हाकलले. परंतु नामीचे कुटुंबही बेथलेहेम सोडून मवाबास गेले, ते दुष्काळामुळेच ना?

अशा घरी मंडळी पायलीभर ज्वारी देते, ते चांगलेच आहे. पण ज्वारी संपते, आणि घेणाऱ्याची मान खालीच राहते. लेवीयाच्या 19 व्या अध्यायात शेताचे कोपरे न कापता गरीब व उपरी ह्यांच्यासाठी राखावयाची आज्ञा आहे. म्हणून रूथ बवाजाच्या शेतात हात पसरीत नव्हती; स्वतःच्या हातांनी सरवा वेचीत होती. तो उपरी कोणत्या देवाला भजतो, हेही ते शास्त्र विचारीत नाही. मग आपण का विचारावे?

पंडिता रमाबाई ह्यांनी 1896–97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून अनाथ मुली व विधवा आणिल्या, तेव्हा केडगावची जमीन त्यांच्या उपयोगी पडली. तेथे विहिरी खोदल्या, भाजीपाला व फळझाडे लाविली, आणि ज्या उपाशी आल्या होत्या त्याच पुढे शेतात राबू लागल्या. दया तेथे मातीत रुजली.

आपल्या प्रार्थनामंदिराच्या आवारातही दोनचार गुंठे पडीक असतातच. शेळ्या खातील, असे कोणी म्हणेल. खातीलच, म्हणून आधी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे. मेथी महिन्याभरात हाती येते. शेवगा थोड्या पाण्यावर तग धरतो. हापशाखाली वाया जाणारे पाणी वाफ्यांकडे वळविता येते. खरी अडचण निराळी आहे. पेरणारा हंगामाला जातो, आणि वाफा वाळतो. म्हणूनच हा मळा एकट्याचा नसावा. जाणाऱ्याने पेरावे, राहणाऱ्याने पाणी घालावे. मागे राहिलेल्या आजीने व नातवंडांनी त्यातील भाजी खावी, ती कोणाची मेहरबानी म्हणून नव्हे, तर आपल्या वाफ्याची म्हणून. कोणता वाफा कोणत्या घराचा, हे पंचांनी वहीत लिहून ठेवावे. नाही तर चैत्रात आईबाप परततील तेव्हा तंटा व्हावयाचा.

आणि कारखान्यांजवळच्या मंडळ्यांतील बंधूंनो, आमची माणसे तुमच्या शिवारात उतरली आहेत. त्यांच्या कोपीशेजारी मूठभर मेथी पेरण्यापुरती जागा व घागरभर पाणी त्यांस द्याल काय?