आज्ञा आणि सवलत

शास्त्राची आज्ञा उघडपणे नाकारून एखादा धर्मसमाज आचारापासून ढळला, असे उदाहरण विरळाच सापडेल. एकटा मनुष्य आज्ञा मोडतो तेव्हा लपूनछपून मोडतो. त्याच्या मनाला बोचणी असते आणि म्हणूनच प्रायश्चित्ताचा मार्ग त्याला मोकळा राहतो. समाज मात्र आज्ञा मोडण्यापूर्वी समर्थन सिद्ध करतो, आणि ते समर्थन बहुधा शास्त्रातूनच काढलेले असते. मग बोचणीही नाही आणि प्रायश्चित्ताचे कारणही नाही. यातील दुसरा प्रकार अधिक बाधक कसा, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

आपल्या कल्याण नगरीपासूनच आरंभ करू. सातवाहनकाळी हे मोठे बंदर होते आणि येथील व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत आजही वाचावयास मिळतात. कोणी लेणे खोदविले, कोणी पाण्याचे टाके दिले. तेथवर प्रश्न नाही. परंतु त्याच लेण्यांतील काही लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरावयाची कायमची ठेव, असा त्याचा अर्थ. या ठेवीचा पूर्ण हिशेब पाहावयाचा तर घाट चढून नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे लागते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेविले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वर्षाचे व्याज २४०, वाटप २४०. हिशेब चोख आहे!

आता विनयाची आज्ञा पाहा. भिक्षूने सोने-रुपे घेऊ नये, हा तेथील स्पष्ट निषेध आहे. बुद्धाच्या निर्वाणानंतर सुमारे १०० वर्षांनी वैशालीच्या संगीतीत जे दहा मुद्दे वादाचे ठरले, त्यांत हाही एक होता; आणि स्थविरांनी निर्णय निषेधाच्या बाजूने दिला. मात्र उपासकाने द्रव्य तिसऱ्याच्या हाती ठेवावे आणि त्यातून आलेली विहित वस्तू भिक्षूने घ्यावी, एवढी अनुमती विनयातच आहे. हीच अनुमती वाढत वाढत व्याजाच्या ठेवीपर्यंत पोहोचली. धन संघाच्या हाती नाही, श्रेणीकडे आहे. भिक्षूला केवळ वस्त्र मिळते, असे कोणी म्हटले असते तर त्यातील एकही शब्द खोटा ठरला नसता. तरी वस्त्रासाठी दारी येणारा भिक्षू दारी येईनासा झाला, आणि त्या दाराशी होणारा धर्मसंवादही त्याबरोबर थांबला असला पाहिजे. दात्याला दोष देण्याचे कारण नाही. तो श्रद्धेनेच देत होता.

परक्या घरातील कोळिष्टके मोजणे सोपे असते, म्हणून आता आपल्या पंथाकडे वळावे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपण केले ते मराठीत. केसोबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, कारण त्या रचनेने पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला अंतरल्या असत्या. स्मृतिस्थळातील हा प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढे चौदाव्या शतकात ग्रंथ सकळा, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत गेले. १२९६ च्या स्वारीपासून देवगिरीचे राज्य डळमळले होते आणि ते लयासही गेले. ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, पाठ बिघडू नये, ही चिंता खरी होती. त्या काळच्या आचार्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.

परंतु परिणाम काय झाला? ज्या म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारले, त्यांना मराठी ग्रंथही वाचता येईना. अक्षरे येत असूनही येईना! संकट कोणत्या वर्षी संपले, ग्रंथ बाळबोधीत केव्हा आणावयाचे, हे कोणी ठरविलेच नाही. आणि शतके लोटता लोटता सवलत हीच मर्यादा मानली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी पंथातीलच महंतांनी लिपीचा उलगडा केला, तेव्हा राजवाडे, ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे, यशवंत खुशाल देशपांडे या अभ्यासकांच्या हातून हे वाङ्मय महाराष्ट्रापुढे आले. १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणारे ते हेच भावे. गुप्त ठेवल्याने पंथाविषयी जे गैरसमज वाढले, ते निवारण्यास पुढे किती श्रम पडले, हे जाणत्यांना ठाऊक आहे.

काळ बदलला, आचारही बदलावयाचा, असे कोणी म्हणेल. बदलावा, पण त्या बदलाने कोणाचे उणे झाले, ते आधी पाहावे. नित्याटनाचेच घ्या. वृद्ध वा रुग्ण साधूने वाहनाने जावे, यात वाद नाही. परंतु धडधाकट साधूही कल्याण स्थानकावर गाडीत बसतो आणि धर्मप्रसारासाठी वेळ वाचविला म्हणतो. वेळ वाचतो, हेही खरेच. मात्र येथून नाशिकला पायी जाताना शहापूर, कसारा, इगतपुरी ही गावे लागत. तेथे भिक्षा होई, वृक्षातळी वा ओसरीवर मुक्काम पडे, चार माणसे ऐकावयास बसत. आता ती गावे खिडकीतून मागे जातात, आणि तेथील वासनिकाने कोणाची वाट पाहावी, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.