हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास का?



गल्लीत गटाराचे काम होते, रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसतात आणि लगेच फलक लागतो. कुणाच्या निधीतून ते मोठ्या अक्षरांत, खर्च किती ते असलेच तर बारीक. एखाद्याने आकडा विचारलाच तर आपल्यातलाच कुणीतरी म्हणतो, "अहो, काम झालं ना? माणूस आपला आहे, कशाला दुखवायचं?" या बोलण्यात चांगुलपणा आहे हे आम्ही नाकारत नाही. शेजारधर्म सांभाळावाच लागतो. पण हा चांगुलपणा आपण कुणाच्या पैशाने करतो?

या बाबतीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव पाहण्यासारखा आहे. दूरचा आहे, म्हणून बराच. तो सांगताना इथले कुणी दुखावणार नाही.

आपल्याकडे रीडेव्हलपमेंट म्हटले की बिल्डर आणि सोसायटी आठवते. तिथे हे काम शहरांच्या सरकारी संस्था करीत. १९४५ सालच्या कायद्याने त्यांना वाट करून दिली. मोडकळीस आलेला भाग निवडायचा आणि तो सुधारायचा. पैशाची सोय मतदारांनी १९५२ साली मान्य केली. त्या भागाचा मालमत्ता कर जणू आहे त्या आकड्यावर गोठवायचा आणि पुढे जी वाढ होईल ती या संस्थेला द्यायची. एरवी त्या वाढीतला वाटा शाळांना आणि इतर स्थानिक कामांना गेला असता. पुढे अशीही अट आली की पाचवा हिस्सा कमी व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांसाठी राखून ठेवावा.

हेतू चांगलाच होता. खोट अशी की बहुतेक शहरांत संस्थेचे संचालक म्हणजे नगर परिषदेचेच सभासद. एकाच बैठकीत टोपी बदलायची. खर्च करणारे तेच आणि लक्ष ठेवणारेही तेच.

२०१० साली लॉस एंजेलिस टाइम्स या वृत्तपत्राने शोध घेतला. २००० ते २००८ या काळात किमान १२० शहरांनी घरांच्या राखीव निधीतून मिळून सुमारे ७० कोटी डॉलर खर्च केले होते आणि नवे घर एकही बांधले नव्हते. पुढच्या वर्षी राज्याच्या हिशेब अधिकाऱ्यांनी १८ संस्थांचे कागद तपासले. पाम डेझर्ट शहराने सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर एका गोल्फ मैदानाच्या डागडुजीसाठी ठेवल्याचे त्यांना दिसले.

आता यात चोर कोण? गोल्फ मैदानाचा पैसा कुणी खिशात घातला, असे कुणी म्हटले नव्हते. सातवी आज्ञा आपण बहुधा खिशापुरतीच धरतो, म्हणून अशा वेळी आपले मन स्वस्थ राहते. पण एखाद्या कुटुंबाला जे घर मिळायला हवे होते ते मिळाले नाही, आणि आपल्या वाट्याचे काही गेले हे त्याला कळलेही नाही. पाकीट मारले तर माणूस निदान ओरडतो. इथे ओरडायलाच कुणी नव्हते. आमच्या मते हेच जास्त वाईट.

शेवट तर आणखी वाईट झाला. २०११ मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. गव्हर्नर जेरी ब्राउन यांना पैसा हवा होता आणि या संस्थांची बाजू घ्यावी अशी स्थिती त्यांनीच ठेवली नव्हती. १ फेब्रुवारी २०१२ रोजी सुमारे ४०० संस्था बंद झाल्या. ज्यांनी खरोखर गरिबांची घरे बांधली त्याही गेल्या आणि राखीव निधीचा झराही आटला. उरलेली देणी-घेणी पाहण्यासाठी सात-सात जणांची देखरेख मंडळे नेमली. त्यांत शाळांचेही प्रतिनिधी बसवले. संस्था जिवंत असताना असे राखणदार बसवले असते, तर तिच्या मयतीनंतरची ही निरवानिरव करावी लागली असती का?

संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती त्याने एकट्याने नेली नाही. ख्रिस्तसभांनी निवडलेला एक बंधू सोबत घेतला, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८). पौलावर कुणाचा अविश्वास होता म्हणून नव्हे. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे ख्रिस्तसभेच्या कायद्यातही (कलम १२८७) आहे. तेव्हा हा नियम फक्त नगरसेवकांना लावून आपल्या कमिट्या, मंडळे सोडून देता येणार नाहीत.

अर्थात, विचारणे वेगळे आणि आरोप करणे वेगळे. कागद न पाहता नाक्यावर कुणाचे नाव घेणे हेही पापच आहे. कागद पाहण्याची सोय मात्र आपल्याला आहे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून लागू आहे. साधारणपणे दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. त्याच कायद्याने सरकारी काम प्रत्यक्ष जाऊन पाहता येते, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. एकट्याने अर्ज केला तर गाव त्याला भांडखोर म्हणते. म्हणून चार-पाच घरांनी मिळून जावे, आणि ज्याच्या कामाविषयी विचारायचे आहे त्याला आधी घरी जाऊन तसे सांगावे.